धबधब्यावरची हजेरी

मागच्या रविवारी मी झिरीवर मोजमाप घ्यायला गेले होते. पिशवीत शिंप्याची टेप, वही आणि दोन पोळ्या. कुंडमच्या रस्त्यावर बसमधून उतरायचं आणि सागाच्या सरकारी जंगलातून तासभर चालायचं. पाण्याचा आवाज आधी येतो, पाणी बऱ्याच वेळानं दिसतं. गावातले लोक त्या धबधब्याला नुसतं 'झिर' म्हणतात. ह्या पावसाळ्यात कॉलेजची दोन पोरं तिथं वाहून गेली, आणि साऱ्या जबलपूरनं ठरवून टाकलं की चूक पोरांची. मेलेल्याची चूक म्हणणं सगळ्यात सोपं. तो उलटून बोलत नाही.

म्हणून आमच्या गटाला पत्रक काढायचं आहे. तिथं एक पत्र्याची पाटी लावली आहे, 'सावधान, पानी गहरा है.' ती कुठं लावावी? धबधब्याच्या अगदी तोंडाशी, शेवाळलेल्या खडकावर. म्हणजे ती वाचायला माणूस जिथं उभा राहतो, तिथूनच घसरतो. ज्यानं ती लावली तो हातोडी घेऊन सुखरूप परत गेला असेल, त्याबद्दल मला आनंद आहे. बाकी साखळी नाही, चौकीदार नाही, आणि सकाळी किती जण आत गेले, संध्याकाळी किती बाहेर आले, हे विचारणारा कोणी नाही.

मी टेप लावून खडक मोजत होते. ऊन पडलं होतं, पण दगड ओलेच होते. मोहाच्या कुजक्या पानांचा आंबूस वास, गार फेसाचा वास, कुठून तरी तेंदूच्या पानांचा. शेवाळ नखानं खरवडलं तर खाली पांढरं काही निघालं. चुन्यानं काढलेला आकडा. चार.

तो चार माझ्या बाबांनी लिहिला होता. माझं मोजमाप तिथंच थांबलं.

*

दहा वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, आम्ही दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. लढाई डिसेंबरात झाली असं पुस्तकात लिहितात. आमच्याकडे ती उन्हाळ्यातच येऊन बसली होती. भोंगे वाढले. बाबा आणि वसंतकाका, बाबांचे धाकटे भाऊ, दोघंही तोफगोळ्यांत स्फोटक भरायच्या खात्यात होते. शेड वेगवेगळे, पण हात सारखेच पिवळे. नखं, तळवे, मनगटापर्यंत पिवळे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि ते पाणी आधी पिवळं, मग हळूहळू तांबूस व्हायचं. त्या बादलीचा कडवट वास जिभेवर बसायचा. अजूनही कधी एखाद्या औषधाच्या दुकानासमोरून जाताना तो येतो आणि मी अकरा वर्षांची होते.

काका हात पुढे करून म्हणायचे, "आमचं रोजच लग्न लागून राहिलं, बाप्पा. हळद उतरायलाच तयार नाही!"

काकू आतून म्हणायची, "एकदा लागलं तेवढं पुरे आहे. हात धुवा."

फॅक्टरीच्या दारात एक लांब काळी पाटी होती. तिच्यावर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याखाली नंबर. आत जाताना आपलं पितळी टोकन आपल्या खिळ्यावर लावायचं, सुटताना काढून खिशात टाकायचं. खिळ्यावर टोकन म्हणजे माणूस आत. खिळा रिकामा म्हणजे माणूस बाहेर. आत कुठं धडाका झाला तर कोणाला शोधायचं, हे ती पाटी सांगणार. इतका साधा हिशेब, आणि त्यावर इतक्या जणांचा जीव.

हा हिशेब सगळे मोडत. काका तर रोज. दारात विड्या आणि काडेपेटी जमा कराव्या लागत, म्हणून ते बाहेरच शेवटचे दोन झुरके घेत रेंगाळायचे. तोवर बाबा त्यांचं टोकन आपल्याबरोबर लावून टाकायचे. दोघं एकाच आठवड्यात लागलेले, त्यामुळे खिळेही शेजारी. सुटतानाही बाबाच दोन्ही काढायचे. काकांचं टोकन काकांच्या हातात क्वचितच दिसे. भाऊ भावाचं लावायचा, दोस्त दोस्ताचं. ह्याला कोणी लबाडी म्हणत नसे, माया म्हणत. मायेत किती गोष्टी खपून जातात, ह्यावर कोणी पत्रक काढत नाही.

*

ज्या रविवारी सुट्टी मिळे, त्या रविवारी झिर. रामसजीवन नावाचा ड्रायव्हर होता, तो दोन लॉऱ्यांची व्यवस्था करायचा. एकीत पुरुष, एकीत बायका-मुलं. मी ताडपत्रीखाली बसून पुऱ्यांचा आणि बटाट्याच्या भाजीचा वास घेत असे. काकूच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या वेगळ्या डब्यात, कारण त्या काकांपासून वाचवाव्या लागत. भाजलेल्या खसखशीचा, कोथिंबिरीचा आणि गरम तेलाचा तो वास लॉरीच्या डिझेललाही हरवायचा. आता सांबारवडी मी कुठंच खात नाही.

जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं लॉरी जिथवर जाई तिथं एक मोठा मोह होता. बाबा त्याला एक फळी टांगायचे, फळीवर खिळे. फॅक्टरीचीच नक्कल. पुरुषांनी आपली पितळी टोकनं लावायची. बायका-मुलांसाठी बाबांनी तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून गोल चकत्या कापल्या होत्या, माझी सात नंबरची. आत जाताना लावायची, परत येताना काढायची. फळी रिकामी झाल्याशिवाय लॉरी हलणार नाही. वाऱ्यात ती सगळी टोकनं एकमेकांवर आपटून किणकिणत, आणि आम्ही पायवाटेनं खाली उतरत असू तोवर तो आवाज मागून येत राही.

बाबांच्या मते धबधबा म्हणजे स्फोटकाचं शेड. फॅक्टरीत प्रत्येक शेडच्या दारावर आकडा असतो, एका वेळी आत किती माणसं. म्हणून इथं डोहाच्या खडकावर चुन्यानं चार. पाचवा उतरायचा नाही. निसरड्या कड्यावर सागापासून सागापर्यंत दोर बांधायचा, त्याला धरूनच चालायचं. वर दोरापाशी एकानं शिटी घेऊन बसायचं आणि पाण्याच्या रंगाकडे बघत राहायचं. पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून आली, की लांब शिटी. मग पुरी तोंडात असली तरी बाहेर. आणि वरच्या माणसानं सगळे निघाल्यावर दोर सोडून शेवटी यायचं. ही पाळी दर रविवारी बदलायची.

"दादा, पाण्यातही साहेबाचं परमिशन लागून राहिलं काय?" काका डोहाच्या काठावर बनियन काढत विचारायचे.

"चार उतरलेत. पाचवा बुडला तर दोर कोण धरेल, तुझा साहेब?"

"मी पाचवा कुठं, मी साडेचौथा. वजन पाहा ना माझं."

"वसंता, बस तिथं."

आणि काका बसायचे. चेष्टा करायची, पण बसायचे. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढं कागदावर त्यांच्याबद्दल दुसरंच लिहिलं गेलं. त्या माणसानं बाबांचा धबधब्यावरचा एकही नियम कधी मोडला नाही.

आज मी ज्यासाठी पत्रकं काढते, ते सगळं तेव्हा एक नववी शिकलेला कामगार चुना, दोर आणि चार खिळे घेऊन करत होता. कोणी सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं की माणसं मोजली नाहीत तर ती हरवतात.

*

शेवटचा रविवार ऑक्टोबरचा. पाणी स्वच्छ, हिरवट, तळाचे दगड दिसत होते. काकूला ताप होता, ती आली नव्हती. वर दोरापाशी काकांची पाळी होती. आम्ही नुकतं जेवायला बसलो होतो तेवढ्यात फॅक्टरीचा माणूस मोटारसायकल घेऊन जंगलात आला. "सबको बुलाया है. दो बजे की पाली. अभी चलो, अभी!"

मग जी धांदल उडाली ती मला आवाजांनी आठवते. डब्यांची झाकणं, बायकांच्या हाका, कोणाचं तरी रडणारं मूल. वरून काकांचा आवाज, "तुम्ही व्हा पुढं! दोर सोडून आलोच!"

मी मोहापाशी उभी होते, माझी चकती हातात घेऊन. सगळे आपापली काढत होते. बाबा शेवटी आले. त्यांनी आपलं टोकन काढलं आणि त्याच हातानं, त्याच दमात, शेजारचं. दोन्ही खिशात टाकली. मी त्यांची पिवळी बोटं पाहिली. ती रोज संध्याकाळी करत तेच करत होती.

"फट्टा खाली, दादा?" रामसजीवननं विचारलं.

बाबांनी फळीकडे पाहिलं. एकही टोकन नव्हतं. "खाली. चलो."

मला वाटलं काका धावत येतील आणि पुरुषांच्या लॉरीत चढतील. पुरुषांना वाटलं, ते पुढं बाबांजवळ बसले. पुढं बसलेल्या बाबांना वाटलं, मागं ताडपत्रीवर झोपला असेल, नेहमीसारखा. इतक्या वाटण्यांवर दोन लॉऱ्या निघाल्या.

फॅक्टरीच्या दारात बाबांनी खिशातून दोन टोकनं काढली आणि दोन्ही लावली. नेहमीसारखीच. वसंता विडी ओढत असेल बाहेर. आणि अशा रीतीनं, दोन वाजता, माझे काका फॅक्टरीत कामावर हजर झाले.

संध्याकाळी काकू तापातच आमच्याकडे आली. तिला सांगितलं, डबल ड्युटी आहे. काकांच्या शेडवाल्यांनी धरलं, माणूस दिसत नाही पण पाटीवर टोकन आहे, म्हणजे इथंच कुठंतरी कामचुकारपणा करत असेल. बाबांना हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी सुटताना, दोन्ही टोकनं हातात घेतली आणि काका बाहेर आलेच नाहीत तेव्हा. ते घरी आलेच नाहीत. रामसजीवनला घेऊन तसेच जंगलात गेले.

काका कड्याखालच्या खडकांत सापडले. दोर एका बाजूनं सोडलेला होता, दुसऱ्या बाजूनं बांधलेला. पाय मोडला होता. संध्याकाळनंतर केव्हा तरी वरून पाणी वाढलं असावं. रामसजीवन आमच्या ओट्यावर बसून आईला सांगत होता आणि मी दाराआड होते. तो म्हणाला, जंगलातली एक म्हातारी भेटली. ती म्हणत होती, "संझा तक सीटी बजत रही, भैया. हमने सोची तुम्हरे लोग हैं. हर इतवार तो बजत है."

*

चौकशी झाली. लढाईचे दिवस, फॅक्टरीत टोकन लावून माणूस गायब, ही लहान गोष्ट नव्हती. साहेबांनी बाबांना विचारलं, टोकन कोणी लावलं? बाबा म्हणाले, "माहीत नाही, साहेब." दुसऱ्याचं टोकन लावणाऱ्याला तेव्हा नोकरीतून काढत होते, आत टाकण्याच्याही गोष्टी चालल्या होत्या. आम्ही तीन भावंडं, क्वार्टर, आईचं दुखणं. घरी मला म्हणाले, लढाई संपू दे, मग सांगतो. सगळी कारणं खरी आहेत. मी ती पाठ करून बसले आहे.

मी आईजवळ गेले होते. म्हणाले, "बाबांनी दोन टोकनं काढली, मी पाहिलं." आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस, गुड्डी. सात नंबरची चकती पाहिलीस, तेवढंच."

कागदावर लिहिलं गेलं, हजेरी लावून फरार. ड्युटी सोडून धबधब्यावर मौज करायला परत गेला आणि तिथं अपघातानं मेला. फरार माणसाच्या बायकोला नोकरी नाही, पेन्शन नाही. महिन्याभरात क्वार्टर खाली. जो माणूस सगळे सुखरूप निघेपर्यंत वर बसून राहिला, तो पळपुटा झाला. बायका नळावर बोलत, "देश लढाईत आणि हा गेला आंघोळीला!" त्यांच्या पोरांनी त्याच दोराला धरून कडा ओलांडला होता.

मग डिसेंबर आला. खिडक्यांना काळे कागद, भोंग्याचा नवा सूर, चुलीचा उजेडही झाकायचा. लढाई जिंकली तेव्हा सदर बाजारात लोक अनोळखी माणसांना खव्याची जिलबी भरवत होते. बाबांनी पानात बांधून आणली. पान ओट्यावर पडून राहिलं, पाक गळून मुंग्या लागल्या. बाबा पुन्हा झिरीवर गेले नाहीत. आमच्यातले कोणीच गेले नाहीत. त्या फळीचं काय झालं, मला माहीत नाही. मोहही आता नाही, रस्ता रुंद करताना गेला.

काकू मदनमहालच्या टेकडीखाली एका खोलीत राहू लागली, आणि राइट टाउनच्या एका शाळेत घंटा वाजवू लागली. अजून वाजवते.

*

मी मोठी झाले आणि पत्रकं काढायला शिकले. कोण जबाबदार? उत्तर द्या! हे मला झोपेतही लिहिता येतं. नगरपालिकेला विचारलं, जंगलवाल्यांना विचारलं, कॉलेजच्या प्राचार्यांना त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं. आमच्या गटात म्हणतात, ही पोरगी कोणाला भीत नाही.

झिरीवरून आले त्या संध्याकाळी मसुदा लिहिला. साखळी पाहिजे. पाटी जंगलाच्या तोंडाशी पाहिजे, धबधब्याच्या नको. चौकीदार पाहिजे, त्याच्याजवळ वही पाहिजे. जाणाऱ्यानं आपल्या हातानं नाव लिहावं, येणाऱ्यानं आपल्या हातानं खोडावं, दुसऱ्याचं नाव कोणीही खोडू नये. आणि एक ओळ: काही वर्षांपूर्वी एका कामगाराचा ह्याच कारणानं जीव गेला.

बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. हात आता पिवळे नाहीत, त्यांना केव्हाच दुसऱ्या खात्यात टाकलं आहे.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "साखळीचा खांब खडकात दीड फूट तरी जायला पाहिजे. ते लिही."

"बाबा, कामगाराचं नाव लिहू?"

त्यांनी कागदाची घडी घातली. "दोन वर्षं राहिली माझी. पेन्शनचे कागद निघून राहिले. मग लिही ना. मग मीच जाऊन सांगतो."

"तेव्हा म्हणाला होतात, लढाई संपू दे."

"तेव्हा लढाई होती न, बेटा."

कोणाला न भिणारी ती पोरगी उठली, मसुदा पिशवीत घातला आणि 'एका कामगाराचा' तसंच ठेवलं.

*

आमच्या पत्रकांचे स्टेन्सिल मी नेहमी काकूच्या खोलीत कापते. तिच्याकडे सपाट टेबल आहे, शाळेनं टाकून दिलेलं. स्टेन्सिलचा मेणकागद त्यावर पसरायचा आणि लोखंडी लेखणीनं अक्षरं कोरायची. काल गेले तेव्हा ती शाळेतून नुकतीच आली होती. तिनं चहा टाकला, दोन कप आणून ठेवले आणि मसुदा वाचायला घेतला. ती प्रत्येक पत्रक वाचते. चुका काढते.

"हा कामगार म्हणजे हेच न?" तिनं विचारलं.

"हो."

"मग नाव काहून नाही लिहिलं?"

मी लेखणी घासत राहिले.

"आणि हे काय, 'ह्याच कारणानं'? कोणत्या कारणानं? दुसऱ्यानं नाव खोडल्यानं?" ती ती ओळ पुन्हा वाचत होती, बोट ठेवून, सावकाश. "हे तर टोकन लावून गेले होते. मला तसंच सांगितलं. मीही तसंच धरून चालली इतकी वर्षं, की माणूस मला तापात टाकून मजा करायला गेला."

मग मी सांगितलं. मोहापासून दारापर्यंत, दोन्ही टोकनं, बाबांची बोटं, अर्धा सोडलेला दोर. शिटीचंही सांगितलं. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती रडली नाही.

"संध्याकाळपर्यंत वाजवत होते?"

"हो."

"दादा बोलले नाहीत, ते समजते मला. लेकरं होती त्यांची. तुला केव्हापासून माहीत?"

"तेव्हापासून."

"तेव्हा तू अकराची होती. लहान होती. सोड ते." तिनं मसुदा टेबलावर ठेवला. "पंधराची झाली, तेव्हा? अठराची झाली, पत्रकं घेऊन आली, तेव्हा?"

दुसऱ्यांना विचारायचे सगळे प्रश्न मला येतात.

"दहा वर्षं ह्या खोलीत येऊन माझ्या हातचा चहा पिऊन राहिली तू, गुड्डी."

तिनं माझ्यापुढचा कप उचलला. अर्धा भरलेला होता. मोरीत ओतला, कप विसळला आणि पालथा घातला. मग पदराला हात पुसत परत आली, मेणकागद माझ्यासमोर सरळ केला, त्याच्या सुरकुत्या तळहातानं बसवल्या, आणि खुर्ची असून बसली नाही.

"लिही," ती म्हणाली. "त्यांचं नाव, दादांचं नाव. खाली तुझं. मी उभी आहे इथं."